पाण्याखालचं जहाज आणि विहिरीतले पोहणारे

मागच्या अंकात बालीतल्या तुलांबेन गावाशेजारी समुद्रात पडलेल्या ‘लिबर्टी’ या जहाजाबद्दल लिहिलं होतं. जहाज उथळ पाण्यात आहे, पाणी कोमट आहे आणि किनाऱ्यावरून चालत जाऊन बुडी मारता येते, एवढं वाचून सांगली-साताऱ्याकडून भराभर पत्रं आली. मी सांगलीत पोहायला शिकवते आणि जमेल तेव्हा समुद्रात स्कूबा (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन मारायची बुडी) करते, त्यामुळे आपल्या माणसांच्या मनातल्या शंका मला ओळखीच्या आहेत. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यांची उत्तरं इतरांच्याही उपयोगाची आहेत, ती घेतली आहेत.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं दिवाळीनंतर बालीला चाललोय. टूरवाले म्हणतात, ‘जहाज उथळ आहे, पोहता येत नसलं तरी हाताला धरून नेतात.’ मला कोयनेत पोहायची सवय आहे. बायकोला अजिबात पोहता येत नाही, पण उत्साह तिचाच जास्त. न्यावं का तिला? – एक वाचक, कराड

न्या. तिला उत्साह आहे हे फार चांगलं लक्षण आहे. मात्र ‘उथळ’ या शब्दावर टूरवाल्यांनी जेवढा भार टाकलाय, तेवढा तुम्ही टाकू नका.

ते जहाज तिथे कसं आलं हे कळलं, की उथळपणाचाही उलगडा होईल. ‘लिबर्टी’ हे १९१८ साली बांधलेलं अमेरिकी मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याकडे होतं आणि रेल्वेचं सामान व रबर घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघालं होतं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोम्बोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं त्याच्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज लगेच बुडालं नाही. एक अमेरिकी आणि एक डच विनाशिका त्याला ओढत सिंगराजा बंदराकडे घेऊन चालल्या होत्या, पण आत पाणी भरत गेलं. शेवटी बंदराचा नाद सोडून त्यांनी ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. पुढची एकवीस वर्षं ते तिथे किनाऱ्यावरच पडून होतं. १९६३ मध्ये मागच्या अगुंग ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, हजाराहून जास्त माणसं गेली, आणि त्या हादऱ्यांत जहाज किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. गेलं तेही लांब नाही. काठापासून तीसेक मीटरवर, किनाऱ्याला समांतर, एका कुशीवर ते पडलंय.

म्हणजे ते सपाट तळावर ठेवलेलं नाही, उतारावर आहे. वरचा भाग साधारण पाच मीटरवर आणि खालचा तीस मीटरच्या आसपास. लांबी सव्वाशे मीटरच्या घरात. ज्याला प्रशिक्षण नाही त्याला नियमानं बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. पण बारा मीटरला काही जमीन लागत नाही; काळी वाळू तशीच खाली उतरत जाते आणि जहाजाचा पत्राही तिच्याबरोबर खाली जातो. एखादा सुंदर मासा खाली सरकला की माणूस नकळत त्याच्या मागे जातो. खोली तुमची तुम्हाला राखावी लागते, जहाज ती राखून देत नाही. म्हणून गाइडच्या बरोबरीनं किंवा त्याच्या थोडं वर राहायचं, त्याच्या खाली कधीही नाही. हा एक नियम दोघांनी घट्ट धरला तरी निम्मी काळजी मिटली.

आता वहिनींचं. पोहता न येणाऱ्याला स्कूबाची पहिली ओळख करून देणाऱ्या बुडीला बऱ्याच ठिकाणी घेतात, हे खरं आहे. माझं मत मात्र स्पष्ट आहे: दिवाळीला अजून अवकाश आहे, तेवढ्यात त्यांना तलावावर घाला. सफाईदार पोहणं लगेच येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पाठीवर शांत तरंगता आलं पाहिजे. तोंड पाण्यात असताना नुसत्या तोंडानं श्वास घेता आला पाहिजे. नाकात पाणी गेलं तर दचकून उभं न राहता थांबता आलं पाहिजे. या तीन गोष्टी येत नसतील तर पाण्याखाली त्यांचं सगळं लक्ष स्वतःवरच राहील, आणि एवढ्या लांब जाऊन जहाज बघायचं राहून जाईल. कराडला तलाव आहे, शिकवणारेही आहेत. मास्क आणि स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आत्ताच विकत घ्या आणि त्यातच सराव करू द्या.

तिथे गेल्यावर वहिनींसाठी वेगळा गाइड मागा. एकाला एक. दोघांनी एकमेकांचा हात धरून जाऊ नका. एक घाबरला की दुसरा त्याच्याबरोबर वर ओढला जातो. निघण्याआधी खुणा पक्क्या करा. आपण अंगठा वर केला की ‘मस्त’ म्हणतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. खूश होऊन अंगठा दाखवाल आणि गाइड तुम्हाला वर घेऊन जाईल! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. पाण्यात पाय टाकला की गोटे लाटेबरोबर घोट्याखालून सरकतात, आणि पाठीवर सिलिंडरचं ओझं असतं. जाड तळाचे बूट घाला, फिन्स (पायात घालायचे पंख) हातात ठेवा, गाइडच्या खांद्यावर हात ठेवून कमरेइतक्या पाण्यात जा आणि मगच फिन्स चढवा. तिथल्या गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून सरसर चालत जातात. आपल्याकडे उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायकांना बघितलेल्या माणसालासुद्धा तिथे दोन मिनिटं उभं राहावंसं वाटतं. त्यांचे पैसे हातचे राखून देऊ नका.

आणि रात्रीचा मुक्काम तुलांबेनलाच करा. दक्षिण बालीतल्या हॉटेलांतून गाड्या अडीच-तीन तासांनी येऊन पोचतात, त्याआधीचं पाणी तुमचं. पहाटेच्या उजेडात डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे कळपानं जहाजाशी दिसण्याची शक्यता त्याच वेळी जास्त. जहाजाकडे जाताना उतारावर वाळूत रोपं उगवल्यासारखं काहीतरी डुलताना दिसेल. ते बागेतले ईल मासे. अर्धं अंग बिळात, अर्धं बाहेर, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. तुम्ही पाय न मारता लांब थांबलात तर ते वर येत राहतील. जवळ गेलात की सगळी वाळू एका क्षणात मोकळी. वहिनींना हे नक्की दाखवा, यासाठी खोल जावं लागत नाही.

आमचा गलाईचा (सोनं-चांदी गाळायचा) धंदा आहे, कोचीला दुकान आहे. मी विहिरीत पोहायला शिकलो, तळातली माती काढून आणायचो. दीड मिनिट श्वास सहज धरतो. पाच मीटरवरचं जहाज मी नुसत्या बुडीत बघेन, सिलिंडर कशाला? आणि घेतलाच सिलिंडर, तर आतल्या खोल्यांत शिरता येईल ना? – एक तरुण वाचक, विटा

तुमच्यासारख्या पोरांचं मला फार कौतुक आहे. पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून विहिरीत ढकललेला मुलगा पाण्याला आयुष्यभर भीत नाही. नुसत्या बुडीत वरचा भाग बघायचा असेल तर जरूर बघा, सोबत एक माणूस वर पाण्यावर नजर ठेवून असू द्या, आणि बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊन छाती ‘भरायची’ आपल्याकडची सवय सोडा. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, श्वास घ्यायला भाग पाडणारी आतली सूचना तेवढी उशिरा येते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

पण सिलिंडर लावलात, की तुमची दीड मिनिटाची कला बाहेर ठेवून या. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाण्याच्या वर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एक वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. विहिरीत तुम्ही वर छाती भरून घेता आणि खाली जाता. ती हवा खाली आकसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. यात फुप्फुसाला धोका नाही. सिलिंडरचं वेगळं आहे. सिलिंडरला जोडलेला, तोंडात धरायचा रेग्युलेटर तुम्हाला जिथे आहात तिथल्या दाबाची हवा देतो. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि श्वास धरून वर आलात, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. छातीत ती जागा नसते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात जातात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. भरल्या छातीनं एक-दोन मीटर वर येणंसुद्धा इजा करायला पुरेसं आहे.

तीसवरून वीसवर येताना दाब चाराचा तीन होतो. दहावरून वर येताना दोनाचा एक होतो. म्हणजे हवेचं आकारमान सगळ्यात वेगानं बदलतं ते वरच्या, तुम्ही ‘सोप्या’ म्हणता त्या दहा मीटरांत. जहाजाचा उथळ भाग याच पट्ट्यात आहे.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. आत, बाहेर, सावकाश, सतत. माझ्याकडे विहिरीत शिकलेली मुलं येतात तेव्हा मी त्यांना तलावात रेग्युलेटर तोंडातून काढायला लावते आणि तो हातात असेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायला सांगते. नदीत मुटके मारणारी धाडसी मुलं हमखास इथेच अडतात. तोंड रिकामं झालं की त्यांचा गळा आपोआप बंद होतो. लहानपणापासून शरीरानं तेच शिकलंय. बुडबुडे थांबले की मी खांद्यावर थोपटते. हे पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, घाई करून उपयोग नाही.

सावकाश श्वासाचा हिशेबही बघा, तुम्ही धंदेवाले आहात. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण अकरा लिटरचा आणि दोनशे बार (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) दाबाचा, म्हणजे २२०० लिटर हवा. त्यातली पन्नास बार राखून ठेवायची, उरली १६५० लिटर. वर मिनिटाला वीस लिटर लागत असतील तर दहा मीटरवर चाळीस लागतात. म्हणजे चाळीस मिनिटं. धापा टाकल्या तर वीस मिनिटांत काटा खाली. वीस मीटरवर गेलात तर हवा तिप्पट लागते. ज्याचा श्वास शांत त्याला जहाज दुप्पट वेळ बघायला मिळतं. जोरात पाय मारणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांपेक्षा हळू चालणाऱ्या बायका पाण्याखाली जास्त वेळ राहतात, हे मी अनेकदा बघितलंय.

खोल्यांत शिरण्याबद्दल: नाही. बंद जागेत शिरण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, त्यासाठी दोरी, जास्तीचे दिवे आणि जास्तीची हवा लागते. आत वर्षानुवर्षं बसलेला गाळ आणि गंज असतो. फिनचा एक फटका बसला की तो उठतो, आणि हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. वर आकाश नसतं, पोलादाचं छत असतं. विहिरीत गोंधळ झाला की आपण वर येतो. इथे ‘वर’ नसतं. ‘लिबर्टी’ इतकं फुटून उघडं पडलंय की दोन्ही बाजूंनी उजेड येणाऱ्या, आरपार दिसणाऱ्या मोकळ्या जागा भरपूर आहेत. गाइड नेईल तिथून तेवढ्याच जागांतून जा, आणि हात छातीशी धरून जा. पत्र्याच्या कडा धारदार झाल्यात. दगडासारखा दिसणारा विंचूमासा त्याच पत्र्यावर बसलेला असतो, त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे निघण्याआधी बघा.

कोचीला दुकान आहे म्हणता, तर लक्षद्वीप तुम्हाला आमच्यापेक्षा जवळ. कोचीहूनच विमान जातं. परवाना काढा, तिथल्या प्रशिक्षकाकडे रीतसर शिका. तुम्हाला पाण्याची भीती नाही. श्वास सोडायला शिकलात की फार पुढे जाल.

कृष्णेत सराव करून चालेल का? घाट घराजवळच आहे. – एक वाचक, भिलवडी

नाही. तुमच्याकडच्या पात्रात मगरी आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिवाय गढूळ पाण्यात मास्क लावून काही शिकता येत नाही. तलावावर जा.

माझं वय अठ्ठावन्न. बीपीची गोळी चालू आहे, चष्मा आहे. आयुष्यभर नऊवारी-सहावारीत गेलं. मुलगा म्हणतो आई, अंदमानला चल, तुला पाण्याखाली नेतो. या वयात शोभेल का आणि झेपेल का? – एक भगिनी, मिरज

शोभेल. झेपेल का, हे मी सांगणार नाही, तुमचे डॉक्टर सांगतील. आणि मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. वयाला वरची मर्यादा नाही. बीपी गोळीनं ताब्यात असेल आणि दोन जिने चढून दम लागत नसेल, तर डॉक्टर बहुधा परवानगी देतात. डाइव्ह सेंटरकडून आरोग्याचा फॉर्म आधी मागवून घ्या आणि तो घेऊनच डॉक्टरांकडे जा. हृदयविकार, फिट येणं, दमा, कानाच्या पडद्याचं किंवा छातीचं ऑपरेशन यातलं काही असेल तर ते लपवू नका. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे, ती जिवाशी खेळणारी आहे.

एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवून या. खाली उतरताना दुखतात ते कान. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, तीही दुखायला लागण्याआधी, दर मीटरला. दुखलं की थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. सर्दी असेल त्या दिवशी बुडी रद्द, मग मुलानं कितीही पैसे भरलेले असोत. औषधानं नाक मोकळं करून जाऊ नका. औषधाचा जोर खालीच ओसरला तर वर येताना कान अडकतात.

चष्म्याचं सोपं आहे. नंबरची काच असलेले मास्क मिळतात, आधी नंबर कळवून ठेवा. नंबर थोडा असेल तर साधा मास्कही चालून जातो, कारण पाण्याखाली सगळं जवळ आणि मोठं दिसतं.

कपड्यांचा संकोच नको. आत लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर गळ्यापासून घोट्यापर्यंतचा वेटसूट. अंग पूर्ण झाकलेलं राहतं. समुद्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा असला तरी पाणी हवेपेक्षा वीस पटींहून जास्त वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं; अर्ध्या तासानं हुडहुडी भरते, म्हणून सूट हवाच. केसांची घट्ट वेणी घाला. मोकळे केस मास्कखाली आले की पाणी आत झिरपत राहतं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी खोलीवरच ठेवा. जहाजाच्या आसपास लोंबणारं काहीही अडकतं.

अंदमानात जहाज बघायचा हट्ट पहिल्याच खेपेला धरू नका. आधी वाळूच्या तळावर, पाच-सहा मीटरवर गुडघे टेकून बसा, मासे बघा, श्वास बसू द्या. मुलाला सांगा, तू फोटो काढत बसू नकोस, माझ्या समोर राहा.

मालवणला दोन दिवस स्कूबा करून तिसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे महाबळेश्वरला जाणार आहोत. एकानं सांगितलं, स्कूबानंतर विमानात बसायचं नाही. आम्ही तर गाडीनं येणार, मग अडचण नाही ना? – एक वाचक, वाई

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचाच तो आहे आणि कुणी विचारत नाही.

वाईत घेतलेलं वेफर्सचं पाकीट पसरणी घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत टम्म फुगतं, हे तुमच्या मुलांनी बघितलेलं असेल. वर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते. बुडीनंतर तुमच्या रक्तात आणि स्नायूंत जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. तो श्वासावाटे हळूहळू निघून जायला वेळ लागतो. त्याआधीच दाब कमी केला, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, मुंग्या येतात, कातडीवर चट्टे उठतात, कारण नसताना गळून जायला होतं. शरीराला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही, त्याला उंची कळते.

विमानाबद्दलच्या सूचना या केबिनमधल्या २००० ते ८००० फुटांच्या उंचीसाठी आहेत: एकच साधी बुडी असेल तर किमान बारा तास थांबा, एकापेक्षा जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर अठरा. आता तुमचा रस्ता बघा. आंबोली साधारण ६९० मीटर, म्हणजे २२०० फुटांच्या वर. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, म्हणजे साडेचार हजार फुटांच्या जवळ. वाईसुद्धा दोन हजार फुटांच्या वरच. (आमची सांगली जेमतेम ५५० मीटरवर, पण मालवणहून सांगलीला यायचं तरी मध्ये घाट चढावाच लागतो.)

त्यामुळे असं करा: दुसऱ्या दिवशीची शेवटची बुडी सकाळी दहा-अकरापर्यंत संपवा. दुपारी सिंधुदुर्ग किल्ला बघा, भरपूर पाणी प्या, रात्री मालवणलाच राहा. दारू नको. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून निघालात तर घाटापर्यंत अठरा तासांहून जास्त झालेले असतील. पर्यटकांना दाखवतात ती पाच-सहा मीटरवरची छोटीशी बुडी केली असेल तर धोका खूपच कमी असतो, तरी सवय चांगली लावून घ्या. घरी आल्यावर खांदा किंवा गुडघा ठणकायला लागला तर वात धरला म्हणून तेल चोळत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि ‘काल स्कूबा केलं होतं’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यावर प्राणवायू देणं आणि जास्त दाबाच्या बंद कक्षात ठेवणं हा उपचार आहे, आणि तो जितका लवकर तितका बरा.

मी आठवीत आहे. पाण्याखाली गोष्टी मोठ्या का दिसतात? आणि जहाजाचा एखादा छोटा तुकडा शाळेत दाखवायला आणता येईल का? – एक विद्यार्थिनी, तासगाव

पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे वस्तू पाऊण अंतरावर आल्यासारखी आणि एक तृतीयांशानं, म्हणजे साधारण ३३ टक्क्यांनी, मोठी दिसते. मासा पकडायला हात पुढे केलास तर तो तुला वाटतो त्याहून लांब असतो. दुसरी गंमत रंगांची. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडायला लागतो. जहाजावरचा पंख्यासारखा पसरलेला प्रवाळ तुला करडा-निळा दिसेल. त्यावर टॉर्च मार, तो लालभडक होईल. टॉर्च बंद केला की परत करडा.

तुकडा मात्र आणायचा नाही, अगदी बोल्टसुद्धा नाही. तिथला तळ सरकत्या वाळूचा आहे. प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला घट्ट काहीतरी लागतं, वाळूवर त्यांना घर करता येत नाही. तो पत्रा पाण्यात पडला म्हणून प्रवाळ आला, स्पंज आले, त्यांच्या आडोशाला बारीक मासे आले, आणि त्यांच्यामागे मोठे आले. एका बोल्टच्या भोकात बोटभर मासा डोकं बाहेर काढून बसलेला असतो. तो बोल्ट गेला तर त्याचं घर गेलं. शाळेत चित्र काढून दाखव: एकदा टॉर्चशिवायचे रंग, एकदा टॉर्चमधले. विज्ञानाच्या तासाला त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिला रीतसर कोर्स करायचाय. परदेशी पाठवायची आमची ऐपत नाही. महाराष्ट्रात सोय आहे का? एक युद्धनौका मालवणकडे बुडवणार असं पेपरात वाचलं होतं, ते काय आहे? – एक वडील, इस्लामपूर

सोय आहे, आणि दारातच आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची ‘इस्डा’ ही स्कूबा प्रशिक्षणाची संस्था आहे, स्वतःच्या तलावासकट. आधी वर्गात, मग तलावात, मग समुद्रात, अशा क्रमानं शिकवतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. आपल्या कोकणच्या पाण्यात अंदमानसारखं लांबवर दिसत नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. माझं म्हणणं असं, की जी मुलगी अंधूक पाण्यात जोडीदाराला नजरेआड न होऊ देता पोहायला शिकली, तिला पुढे कुठेही अवघड जात नाही.

पहिल्या कोर्सनंतर अठरा मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्यानंतर तीसपर्यंत. पहिल्या कोर्ससाठी दोनशे मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमावं लागतं. वेळेची अट नसते. हे तुम्ही इस्लामपुरातच तयार करून घेऊ शकता, त्याला वेगळा खर्च नाही.

पेपरात वाचलंत ती ‘आयएनएस गुलदार’. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवण्यासाठीची नौका, लांबी साधारण चौऱ्याऐंशी मीटर. १९८५ मध्ये नौदलात आली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ मध्ये नौदलानं ती पर्यटन महामंडळाकडे सोपवली, निवतीजवळच्या समुद्रात तळाशी ठेवून तिचं संग्रहालय आणि प्रवाळांसाठी कृत्रिम घर करण्यासाठी. असं जहाज मुद्दाम बुडवण्याआधी त्यातलं तेल, तारा, विषारी रंग काढावे लागतात, दारं काढून मोठी भोकं पाडावी लागतात, म्हणजे आत गेलेला माणूस अडकत नाही. प्रवाळ लगेच येत नाहीत, आधी शेवाळ आणि शिंपले धरतात. कोकणातल्या पोरांना घराजवळ काम मिळावं आणि आपल्या मुलींना आपल्याच किनाऱ्यावर जहाज बघायला मिळावं, म्हणून ही गोष्ट नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मुलीसोबत पहिल्या दिवशी तुम्ही जा. प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारा: एका वेळी पाण्यात किती विद्यार्थी घेता, प्राणवायूचा संच होडीवर असतो का, आणि तिनं ‘आज नको’ म्हटलं तर चालेल का. उत्तरं सरळ मिळाली तर निर्धास्त परत या. फॉर्मसाठी तिचे दोन फोटो, आधार कार्डाची प्रत आणि डॉक्टरांचा दाखला बरोबर ठेवा.